भिंतीला थर्मोकोल लावावं का?

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमचं तळमजल्यावर घर आहे. मुलगा तबल्याचा रियाज करतो, शेजारच्या खोलीत सासूबाई झोपतात. मधली भिंत चार इंची, तिच्यातच दार. भिंतीला फोम चिकटवला, काही उपयोग झाला नाही. आता थर्मोकोल लावावं का?

उत्तर : नको. फोम त्याच खोलीतला घुमारा कमी करतो, पलीकडे जाणारा आवाज अडवत नाही. तो अडतो वजनाने. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार इंची भिंत चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते. दोन इंची थर्मोकोल किलोभरही नसतं.

भिंतीच्या आधी दार बघा. रात्री एका खोलीतले दिवे घालवून दुसरीकडून दाराच्या कडेने बॅटरी फिरवा. उजेड झिरपतो तिथून आवाजही येतो. सात फुटी दाराखालची अर्धा इंच फट म्हणजे दाराच्या जेमतेम ०.६ टक्के जागा, पण तेवढ्याने कितीही जाड दार २२ डेसिबलच्या आसपासच आवाज अडवू शकतं. पोकळ दाराऐवजी ३५ मिमी भरीव फ्लश डोअर, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी आणि खाली उंबरठा घ्या. पट्टीत कागद धरून दार लावा; कागद सहज निघाला तर पट्टी दबत नाही.

स्विचबोर्ड दोन्ही खोल्यांत पाठीला पाठ लावून आहेत का? चार इंची भिंतीत दोन-दोन इंचांचे डबे समोरासमोर बसवले की मध्ये काहीच उरत नाही. एक डबा फूटभर सरकवा, जुनं भोक वीट-सिमेंटने बुजवा.

एवढ्यावर भागलं नाही तर दुसरी भिंत. जिप्सम बोर्ड आणि रॉकवूलचं (दगडापासून केलेल्या लोकरीचं) अस्तर एरवी उत्तम, पण २०१९ चा पूर बघितलेल्या गावभागात तळमजल्यावर ते लावू नये. भिजलं की फेकावं लागतं. त्यापेक्षा दोन इंच पोकळी सोडून चार इंची वीटकाम करा. दहा फूट उंचीला भिंतीच्या लांबीच्या दर मीटरला सुमारे ७०० किलो भार येतो, म्हणून ते नुसत्या फरशीवर नको, खाली पाया हवा. दोन भिंती सळईने जोडू नका. गवंड्याला एक गोष्ट बजावा : पोकळीत माल (सिमेंट-वाळूचा) पडू द्यायचा नाही. पडलेला गोळा दोन्ही भिंतींना टेकला की त्यातूनच ठोका पलीकडे जातो. पोकळीत फळी दोरीला बांधून ठेवावी, दर चार थरांनी वर ओढून माल काढावा.

डग्ग्याचा घुमारा फरशीतूनही जातो. बैठकीखाली इंचभर जाड रबरी मॅट, त्यावर १८ मिमी प्लायवूड ठेवा. हे आजच करता येईल.