‘चेक’ कुठून आला आणि कुठून आला नाही

प्रश्न असा आहे की, बँकेचा चेक, शर्टाचे चेक्स, ‘जरा चेक कर’ यातला चेक आणि बुद्धिबळात शह देताना इंग्रजीत उच्चारतात तो चेक हे चार वेगळे शब्द आहेत की एकच, आणि यांतल्या ‘चेक करणे’ला मराठीत काय म्हणावे. प्रश्नाचा उत्तरार्ध आधी उरकतो, कारण तो ऐकून मला मनस्वी कंटाळा आला आहे. मराठीत त्यासाठी एकच शब्द शोधायला निघणे हीच मुळात चूक आहे. सोनार दागिना पारखतो, डॉक्टर रोग्याला तपासतात, हिशेबनीस बेरजेचा ताळा घेतो, वकील नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही ते पडताळतो आणि ऐकीव बातमीची शहाणा माणूस खातरजमा करून घेतो. भात शिजला की नाही हे कळायला तर शीत चेपून बघावे लागते. एवढे शब्द घरात असताना ते अडगळीत टाकायचे, सगळीकडे ‘चेक करणे’ वापरायचे आणि वर त्याला ‘शुद्ध मराठी प्रतिशब्द’ मागत फिरायचे, हा प्रकार आता थांबायला हवा.

पूर्वार्धाचे उत्तर असे की, चारही चेक एकाच शब्दापासून निघाले आहेत आणि तो शब्द म्हणजे आपला शह. चेक प्रजासत्ताकातला चेक मात्र यांचा कोणी नव्हे. ते एका स्लाव्ह लोकसमूहाचे स्वतःचे नाव आहे आणि देवनागरीत दोहोंचे रूप सारखे दिसते एवढाच काय तो संबंध.

चतुरंग हा खेळ भारतातून इराणात गेला तेव्हा त्याचे नाव तिकडच्या जिभेवर ‘चतरंग’ झाले आणि पुढे अरबांकडे ‘शतरंज’ झाले. राजावर हल्ला करताना प्रतिस्पर्ध्याला सावध करण्यासाठी फारसी खेळाडू ‘शाह’ असे म्हणत, म्हणजे ‘तुझा राजा सांभाळ’. हा पुकारा खेळाबरोबर अरबांमार्फत युरोपात पोचला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला, आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तो ‘चेक’ होऊन. खुद्द खेळाचे इंग्रजी नाव ‘चेस’ हे त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन आहे. शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अडथळा, मग अटकाव, मग अंकुश, असा अर्थ पसरत गेला. राज्यशास्त्राच्या पुस्तकांतले ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ आणि क्रिकेटच्या समालोचनातला, बॅट अर्ध्यावर रोखून मारलेला ‘चेक ड्राइव्ह’ हे दोन्ही या अर्थाचे आहेत. येथवर कोणताही बरा इंग्रजी शब्दकोश सांगतो, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

मला खरा आनंद होतो तो याच्या मागच्या टप्प्यावर. फारसी ‘शाह’ हे प्राचीन पर्शियन ‘क्षायथिय’ या शब्दाचे झिजून उरलेले रूप आहे. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या लेखात प्राचीन इराणचा सम्राट पहिला दारियस आपली ओळख करून देतो ती ‘मी दारियस, महान क्षायथिय, क्षायथियांचा क्षायथिय’ अशी. त्यातली शेवटची पदवी म्हणजे पुढच्या काळातला शहेनशाह. या शब्दातला धातू आपल्याकडेही आहे. संस्कृतात ‘क्षि’ या धातूला राहणे, राज्य करणे आणि नाश पावणे असे अर्थ आहेत. पहिल्यापासून क्षिती आणि क्षेत्र निघाले, तिसऱ्यापासून क्षय निघाला आणि दुसरा अर्थ लौकिक संस्कृतात जवळजवळ बुजून गेला. वेदात मात्र तो ठसठशीत आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ११४ व्या सूक्तात रुद्राला ‘क्षयद्वीर’ म्हटले आहे, त्याचा सरळ अर्थ वीरांवर सत्ता चालवणारा असा होतो. क्षत्र आणि क्षत्रिय हे शब्द याच कुळातले आहेत. क्षत्रप हाही त्याच कुळातला: राज्याचे रक्षण करणारा या अर्थाची ती इराणी पदवी भारतात येऊन संस्कृत वळणाची झाली आणि तिचा मान मिरवणारा नहपान नाशिक परिसरावर राज्य करून गेला. त्याच्या जावयाचे, उषवदाताचे, दानलेख पांडवलेण्यांत आजही उभे आहेत. आणि नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला दिसतो. आजचे पत्रकार ‘प्रादेशिक क्षत्रप’ असे लिहितात तेव्हा ते नकळत चेकच्या नातेवाइकाचेच नाव घेत असतात.

आता ‘तपासणे’ हा अर्थ. शब्दकोशकार त्याची शिडी अशी लावतात: शह, अडथळा, अंकुश, नियंत्रण आणि त्यातून पडताळणी. शिडी बरोबर आहे, पण तिच्या शेवटच्या दोन पायऱ्यांमधले अंतर मला नेहमी जास्त वाटत आले आहे, आणि ते भरून काढणारी वस्तू डोळ्यांसमोर असताना तिच्याकडे दुर्लक्ष होते असे माझे मत आहे. ती वस्तू म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यातले टेबल. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. त्यावरून या खात्याला ‘एक्स्चेकर’ नाव पडले आणि ब्रिटनचा अर्थमंत्री अजून ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या खात्याच्या कामकाजावर लॅटिनमध्ये संवादरूप ग्रंथ लिहिला. त्यात हे टेबल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असल्याचे, त्याच्या कडेला चार बोटे उंच काठ असल्याचे आणि त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरत असल्याचे त्याने सांगितले आहे. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे शिक्षाच होती; म्हणून पेन्स, शिलिंग आणि पौंड यांच्या रकान्यांत सोंगट्या मांडून, सरकवून, सर्वांच्या देखत हिशेब होई. ईस्टर आणि मायकेलमस या दोन ख्रिस्ती सणांच्या वेळी परगण्यांचे शेरीफ वसुलीचा जाब द्यायला येत. फिट्झनील तर नावाचे कारण देताना स्पष्टच लिहितो की, बुद्धिबळात जशी दोन राजांत लढाई चालते तशी येथे खजिनदार आणि शेरीफ या दोघांत चालते. एकाने आकडा मांडायचा आणि दुसऱ्याने तो अडवायचा, हे दृश्य शतकानुशतके ज्या टेबलावर चालले त्या टेबलाचेच नाव पटावरून पडलेले असताना, अडवणे आणि पडताळणे हे अर्थ एकमेकांच्या शेजारी यायला आणखी कोणते कारण हवे?

माझ्या म्हणण्याला बँकेच्या चेकचा आधार आहे, आणि तो पक्का आहे. भरलेल्या रकमेची पावती म्हणून खजिन्यात लाकडी पट्टीवर खाचा पाडत: हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी आणि एका पौंडाची पिकलेल्या सातूच्या दाण्याएवढी. मग पट्टी उभी चिरून एक भाग भरणाऱ्याला देत आणि दुसरा खजिन्यात ठेवत. पुढे वाद निघाला तर दोन्ही भाग जुळवून बघत. (या जुन्या पट्ट्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी भट्टीत जाळायला काढल्या आणि त्या आगीत वेस्टमिन्स्टरचे संसदभवनच जळून गेले.) अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ हा शब्द सरकारी रोख्यांच्या आणि बँकेच्या कागदांच्या संदर्भात येतो तो नेमका याच अर्थाने: चेक म्हणजे पैसे देण्याचा आदेश नव्हे, तर त्याचा पुस्तकात मागे उरणारा तुकडा, ज्याला आपण काउंटरफॉइल म्हणतो. बनावट कागद पकडण्यासाठी तो तुकडा जुळवून बघत, म्हणून तो चेक. नंतर ते नाव फाडून दिलेल्या कागदाला चिकटले. त्यामुळे अमेरिकन लोक शहाच्या आणि बँकेच्या चेकचे स्पेलिंग एकच ठेवतात ते अडाणीपणाने नव्हे. जुनी रीत तीच होती. ब्रिटनमधले वेगळे स्पेलिंग (check ऐवजी cheque) जेम्स विल्यम गिल्बार्ट या इंग्रज बँकरने १८२८ साली आपल्या बँकिंगवरील पुस्तकात जाणीवपूर्वक पत्करले आणि संदिग्धता टळते व एक्स्चेकरशी साम्य राहते अशी दोन कारणे दिली.

एवढा पुरावा असताना, चेक हा शब्द अरबी ‘सक्क’ किंवा फारसी ‘चक’ यापासून आला असे ठामपणे सांगणारी मंडळी मला अनाकलनीय वाटतात. सक्क म्हणजे लेखी रोखा हे खरे, आणि अरब व्यापारी अशा रोख्यांवर मोठमोठ्या रकमा फिरवत हेही खरे. परंतु सक्क जर थेट इंग्रजीत आला असता, तर त्याचा पहिला अर्थ रोखा असा असायला हवा होता. तो मागे उरलेला तुकडा असा कसा? नादाचे साम्य आणि अर्थाचे साम्य एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही, मधल्या टप्प्यांचे कागद दाखवावे लागतात, आणि सक्कवाले ते दाखवत नाहीत. ‘चेकमेट’मधला ‘मेट’ म्हणजे अरबी ‘माता’, अर्थात राजा मेला, असे सांगणाऱ्यांचेही तेच. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, थक्क झालेला. बुद्धिबळात राजा मरत नाही, तो कोंडला जातो, हे खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असते.

कापडाचे चेक्स त्यामानाने सोपे आहेत. पटासारख्या चौकड्या म्हणून चेकर, आणि त्याचे आखूड रूप चेक. मुलुंड-ठाण्याच्या हद्दीवरचा चेकनाका अर्थातच अडवण्याच्या चेकचा आहे. जकात २०१७ साली गेली, नाव राहिले.

मराठीत मूळ शह अजून शाबूत आहे आणि शहाला काटशह आपण देतो, पण अलीकडे बातम्यांत ‘हे कोणाच्या शहावरून घडले’ अशी वाक्ये येऊ लागली आहेत. हिंदीत ‘शह देना’ म्हणजे चिथावणे, पाठबळ देणे. मराठीत शह देणे म्हणजे कोंडीत पकडणे. ज्याने गुंडांना फूस दिली त्याने गुंडांना शह दिला असे छापले की मराठी वाचकाला तो सज्जन वाटतो. तेथे फूस किंवा चिथावणी लिहावे.

क्रॉस केलेल्या चेकचे आपल्याकडचे जुने भावंड म्हणजे शाहजोग हुंडी, जी बाजारातल्या पतदार शाहालाच वटवून मिळे. वरचे सगळे वाचून कोणी उत्साहाने त्या शाहालाही क्षायथियाच्या वंशात बसवील, म्हणून आताच सांगून ठेवतो की तो शाह म्हणजे साहू, आणि साहू आला आहे संस्कृत ‘साधु’पासून.