विल्यम मार्शल कोण होता आणि त्याच्या घराण्याचं पुढे काय झालं?
बाराव्या शतकातला इंग्लंडचा सरदार. ११५२ मध्ये, लहान असताना, बापाने त्याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवलं आणि दिलेला शब्द मोडला. पोराला फासावर देण्याची धमकी आली तेव्हा बाप म्हणाला म्हणे, याहून चांगली मुलं घडवायला हातोडा-ऐरण माझ्याकडे आहे! राजाला दया आली, म्हणून तो वाचला.

धाकट्याला वतन कुठलं? तलवारीवर नाव कमावलं. ११८९ मध्ये इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं आणि वेल्स-आयर्लंडमधल्या तिच्या जहागिरी हाती आल्या. माझ्या मते घराण्याचा खरा पाया तीच. १२१६ मध्ये बालराजा तिसऱ्या हेन्रीचा कारभारी झाला, १२१९ मध्ये वारला.

पाच मुलगे, पाच मुली. पाचही मुलगे औरस संतती न ठेवता गेले. १२४५ नंतर जहागिरी मुलींच्या वंशात वाटल्या गेल्या.