नेटवर्क रॅक आणि यूपीएस बसवताना शॉक लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

रॅक (नेटवर्कची उपकरणं ठेवायचं कपाट), यूपीएस आणि छताजवळचे ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) बसवायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलंय, काय काळजी घेऊ, असं तुम्ही विचारलंय. नेटवर्कच्या वायरीत करंट कमीच असतो ना, हेही विचारलंय. बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. ‘मेन बंद केलाय’ असं कुणी सांगितलं, अगदी स्वतः बंद केला असला, तरी मोजल्याशिवाय वायरीला हात लावू नका.

एकदा रॅकमागची पॉवर स्ट्रिप बदलत होतो. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, मीच खाली केला, खोलीतले दिवे गेले. स्क्रू ड्रायव्हर टेकवणार तेवढ्यात रॅकमधल्या नेटवर्क स्विचचे (केबल जोडायच्या डब्याचे) हिरवे दिवे लुकलुकताना दिसले. स्ट्रिप यूपीएसवर होती. मेन गेला की यूपीएस बॅटरीवर जातो आणि पुढे पूर्ण २३० व्होल्ट देत राहतो. तेव्हापासून एमसीबी पाडला की यूपीएसही बंद करतो, त्याच्या आउटपुटची पिन काढतो आणि मगच मल्टीमीटर लावतो.

मोजायचीही पद्धत आहे. मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग आपल्या वायरीवर, मग परत त्याच चालू सॉकेटवर. मधेच मीटरची लीड तुटली असेल तर शून्य दिसतं आणि माणूस फसतो. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही मोजा. न्यूट्रल मागे कुठे तुटलेला असला तर उपकरणातून फिरून फेज त्याच वायरीवर येतो. टेस्टरचा दिवा लागला नाही, एवढ्यावर मी कधीच विसंबत नाही. पाडलेल्या एमसीबीला कुलूप लावा, निदान चिठ्ठी तरी. दिवे का गेले म्हणून कुणीतरी येऊन तो वर करतोच.

एमसीबी माणसाला वाचवेल, असं समजू नका. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या हाताचे स्नायू १० मिलीअँपिअरच्या आसपासच आखडतात आणि धरलेली वायर सुटत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पडणारा स्विच, हवा. पण एका हाताला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल लागला, तर त्यालाही गळती कळत नाही. आणि यूपीएस बॅटरीवर असताना त्याच्या मागे, मेनच्या बाजूला बसवलेला आरसीसीबी पुढच्या शॉकला उपयोगाचा नाही.

आता नेटवर्कची वायर. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं, ४४ ते ५७ व्होल्टवर चालतं. स्टँडर्ड पीओई स्विच समोर योग्य उपकरण आहे का ते तपासूनच व्होल्टेज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा साधा डबा) मात्र काही न बघता देतो. मला जास्त भीती वाटते ती उष्णतेची: पोर्टवर ९० वॉटपर्यंत पॉवर जाऊ शकते, आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलचा जाड जुडगा घट्ट बांधला की आत तो तापतो. शुद्ध तांब्याचीच केबल घ्या.

फायबरच्या (प्रकाशाने डेटा नेणाऱ्या काचेच्या केबलच्या) टोकात डोकावू नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. कापलेले तुकडे लगेच चिकटपट्टीवर घ्या, कातडीत गेले की सापडत नाहीत. रॅक आधी जमिनीला किंवा भिंतीला पक्का करा, अर्थिंगची वायर दारालाही जोडा, यूपीएस सगळ्यात खाली ठेवा. शिडी टेकवताना चार फूट उंचीला एक फूट बाहेर. अंगठी, कडं काढून ठेवा.

आणि एकट्याने हे काम करू नका. सोबतच्या माणसाला आधी मेन स्विच दाखवून ठेवा, यूपीएसचं बटणही दाखवा. कुणी चिकटला तर ओढायला धावायचं नाही, आधी दोन्ही बंद करायचे, हे त्याच्याकडून एकदा वदवून घ्या.