जुन्या रिसीव्हरवर हेडफोन लावण्याआधी

१९७० च्या दशकातल्या बहुतेक रिसीव्हरांत (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात असलेला सेट) हेडफोनसाठी वेगळा अॅम्प्लिफायर नसतो. स्पीकरचाच आउटपुट साधारण २२० ते ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून जॅकला येतो. म्हणून हेडफोन निवडताना इंपीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत विरोध) आधी बघा.

३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६०० इथे छान चालतो. त्याचा इंपीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ५०० च्या वर जातो, त्यामुळे ३३० ओहमच्या रेझिस्टरमागून बेस सुमारे २ डेसिबल वाढतो. अनेकांना आवडणारी ती ऊब मुख्यतः हीच! ३२ ओहमच्या डायनॅमिक (नेहमीच्या कॉइलच्या) हेडफोनवर मात्र बेस फुगून सैल होऊ शकतो. प्लेनर हेडफोनचा (ज्यात सपाट पातळ पडदा आवाज करतो) इंपीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींवर जवळपास सारखा असतो, टोन बदलत नाही, व्हॉल्यूम तेवढा चढवावा लागतो. बॅलन्स्ड आर्मेचर (कॉइलऐवजी छोट्या चुंबकीय पट्टीने चालणारे) इअरफोन इथे लावूच नका.

सेट नुकताच आणला असेल तर मागचा व्होल्टेज आकडा वाचा. १०० किंवा १२० चा सेट स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय २३० वर जळेल. मग स्पीकर काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, पंधरा मिनिटांनी स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर आधी दुरुस्ती.

मोबाइल फोन किंवा डॅक (डिजिटल आवाज अॅनालॉग करणारं यंत्र) ऑक्स इनपुटला जोडा, फोनोला (रेकॉर्ड प्लेयरच्या इनपुटला) नाही.