वाचकांचे प्रश्न : कंट्री संगीतावर चरितार्थ चालतो का?

प्रश्न : माझे वय चोवीस असून मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे. सहा वर्षे गिटार वाजवतो. घरातल्या जुन्या जिम रीव्हजच्या कॅसेटमुळे मला अमेरिकेतील कंट्री अँड वेस्टर्न संगीताची गोडी लागली. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच वाजवावे असे वाटते; घरच्यांचा मात्र विरोध आहे. तिकडचे फारसे नाव नसलेले वादक नेमके जगतात कसे, आणि आपल्या भागात तसे जगता येईल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील ‘फारसे नाव नसलेले’ हे शब्द वाचून मला समाधान वाटले, कारण या विषयावर येणारी बहुतेक पत्रे प्रसिद्धीचा मार्ग विचारणारी असतात. कंट्री वाजवणाऱ्या सामान्य वादकाचे घर तारखांवर चालते. तमाशाच्या फडाला किंवा ऑर्केस्ट्राला ‘तारीख लागली’ असे आपण म्हणतो, तोच व्यवहार तिकडे आहे. फलकावर गायकाचे नाव असते; त्याच्यामागे बास, ड्रम, स्टील गिटार आणि फिडल (म्हणजे आपले व्हायोलिनच) वाजवणारे चार-पाच जण दर तारखेच्या बिदागीवर येतात, आणि ज्या आठवड्यात तारीख नाही त्या आठवड्यात त्यांच्यापैकी बहुतेकांना मिळकतही नसते. गायकाचे गाणे खपले, तरी त्या रॉयल्टीत साथीदाराचा वाटा सहसा नसतो.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे या संगीताचे मुख्य शहर. तेथल्या ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावरील मद्यगृहांत दिवसा सुरू झालेले वादन मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. एकेका बँडची पाळी साधारण चार तासांची असते. मालक देतो ते मानधन थोडे असते आणि कमाईचा मोठा भाग श्रोत्यांनी बरणीत टाकलेल्या पैशांतून येतो; कीर्तनानंतर फिरणाऱ्या आरतीच्या ताटाची आठवण व्हावी, अशीच ती पद्धत आहे. बरणी भरायची तर फर्मायशी पुऱ्या करता आल्या पाहिजेत, त्यामुळे तेथे टिकलेल्या वादकाला शेकडो गाणी कागद न पाहता येतात. टेक्सासमध्ये याच संगीताचे नाचाचे अंग अधिक बळकट आहे. तेथील ग्रीन हॉल (Gruene Hall) हे नृत्यगृह १८७८ पासून उभे आहे, आणि अशा ठिकाणी वादकाची परीक्षा एकच असते, ती म्हणजे नाचणाऱ्या जोडप्यांचे पाय लयीवरून घसरता कामा नयेत. तिसरी वाट स्टुडिओची. वादक संघटनेच्या नियमांनुसार तेथे तीन तासांचे एक सत्र धरले जाते आणि तेवढ्या वेळात तीन-चार गाणी पुरी होण्याची अपेक्षा असते. हे काम चांगले पैसे देते, पण ते थोड्याच हातांत फिरते. हॅरल्ड ब्रॅडली हा गिटारवादक किंवा बालपणीच दृष्टी गमावलेला पियानोवादक पिग रॉबिन्स यांनी असंख्य प्रसिद्ध गाण्यांना साथ केली. ती गाणी ओठांवर असलेल्या लाखो श्रोत्यांना या दोघांची नावे ठाऊक नव्हती.

प्रवासाचा भागही डोळ्यांआड करू नये. हँक विल्यम्स हा या परंपरेतला फार मोठा गायक-गीतकार १ जानेवारी १९५३ रोजी ओहायोतील कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावरच मरण पावला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. रात्रभर प्रवास, दुसऱ्या दिवशी वादन आणि पुन्हा प्रवास, ही दिनचर्या शरीर किती काळ सोसेल याचा विचार गिटारच्या रियाजाइतकाच आवश्यक आहे.

आता आपल्या फाउंड्रीविषयी. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाची हकीकत आपण घरच्यांनाही सांगावी. मिसिसिपीतील शेतमजुराच्या घरात जन्मलेला हा माणूस मोंटाना राज्यात शिसे वितळवण्याच्या भट्टीवर कामाला होता. कारखान्याच्या बेसबॉल संघाकडून तो खेळत असे, सामन्याआधी मैदानावर गाण्याचे त्याला वेगळे पैसे मिळत, आणि रात्री तो आसपासच्या क्लबांत गात असे. गाण्यावर घर चालेल अशी स्थिती आल्यावरच भट्टी सुटली. पुढे, वर्णभेदाच्या त्या काळात, तो या क्षेत्रातील अग्रगण्य गायकांपैकी एक झाला आणि २००० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या संगीतातील थोरांच्या सन्मानयादीत, त्याची निवड झाली. क्रिस क्रिस्टॉफरसन हा ऑक्सफर्डला शिकलेला, सैन्यात कॅप्टन राहिलेला गीतकार तर नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत झाडलोट करत होता. नोकरी करत वाजवणे हा कमीपणा नाही. या व्यवसायात शिरण्याचा तो नेहमीचा दरवाजा आहे. तेव्हा नोकरी आज सोडू नका.

आपल्या भागात केवळ कंट्री वाजवून घर चालणार नाही, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही कंट्री उत्तम येणाऱ्या गिटारवादकाला येथे काम आहे. मी स्वतः बरीच वर्षे चोर्ला घाट उतरून गोव्यातील हॉटेलांत वाजवत आलो. कोणत्याही संध्याकाळी जिम रीव्हज आणि जॉनी कॅश यांच्या दोन-तीन गाण्यांना मागणी असायचीच, परंतु त्याच संध्याकाळी कोकणी मांडो, जुनी हिंदी गीते आणि वॉल्ट्झही वाजवावे लागत. बेळगावच्या कॅम्पमधील ख्रिस्ती घरांची लग्ने वेगळी, चिकोडीकडच्या जत्रेतला ऑर्केस्ट्रा वेगळा, आणि तेथे मराठी गाण्यामागून कन्नड गाण्याची फर्माईश आली की शब्दांचा अर्थ समजून साथ करणाऱ्या वादकालाच पुढची तारीख मिळते. दोन्ही भाषा कानांवर घेऊन वाढणे ही सीमाभागातल्या वादकाची मोठी शिदोरी आहे. ती वाया घालवू नका.

एक वही ठेवा. प्रत्येक तारखेची बिदागी, प्रवासखर्च, तारा आणि दुरुस्ती हे सारे तिच्यात लिहा. माघापासून वैशाखापर्यंत जत्रा आणि लग्नसराई, मग हात रिकामे ठेवणारा पावसाळा, पुढे गणेशोत्सव आणि गोव्याचा हिवाळी हंगाम असे वर्ष पुरे फिरू द्या. आषाढ धरून बारा महिन्यांची शिल्लक फाउंड्रीच्या पगाराच्या जवळपास आली, आणि असे सलग दोन वर्षे घडले, तर ती वही वडिलांपुढे ठेवा. शक्य झाल्यास स्टील गिटार शिका. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवण्याची ही पद्धत हवाई बेटांवरून आली. तीच पुढे अमेरिकेत कंट्री संगीताचा कणा झाली आणि आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ या नावाने चित्रपटगीतांत रुळली. हे वाद्य वाजवणारे हात आज थोडे आहेत, म्हणून त्याला काम मिळते.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात मी हार्मोनियम वाजवतो. माझा पुतण्या म्हणतो की, नॅशव्हिलचे वादक गाण्याची साथ केवळ आकड्यांत लिहितात. आपल्या ‘काळी चार, पांढरी पाच’सारखेच ते आहे काय?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : नाही, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे. आपली ‘काळी चार’ ही पट्टी सांगते, म्हणजे सा कोठे धरायचा हे सांगते. नॅशव्हिलचा आकडा सा धरल्यानंतरचे काम सांगतो, त्यामुळे त्याचे नाते आपल्या सरगमशी अधिक जवळचे आहे. १ म्हणजे सा-ग-प हा स्वरसमूह, ४ म्हणजे म-ध-सां आणि ५ म्हणजे प-नी-रें. सहाव्या आकड्यापुढे आडवी रेघ असेल, तर ध-सां-गं हा मायनर स्वरसमूह वाजवायचा. नुसता आकडा एक आवर्तन टिकतो. गायिकेचा गळा आज बसला आहे आणि तिला पांढरी पाचऐवजी पांढरी चार हवी आहे, अशा वेळी कागदावरचे काहीच बदलावे लागत नाही. सा हलतो, आकडे तेच राहतात. आपण भजनात हेच रोज करतो, म्हणून आपल्या पुतण्यापेक्षा आपल्याला ही पद्धत लवकर येईल असे मला वाटते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकचौकडीतील नील मॅथ्यूज यांनी आपल्या साथीदारांसाठी ती वापरली आणि चार्ली मॅकॉय आदी वादकांनी ती स्टुडिओभर रूढ केली. तीन तासांत चार गाणी निघतात, त्यामागे हा एका पानाचा कागद आहे.

प्रश्न : माझी मुलगी कंट्री धाटणीची मराठी गाणी लिहिते आणि स्वतःच चाल लावते. एका ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी चार गाण्यांचे एकरकमी पैसे देऊ केले असून ‘सर्व हक्क कायमचे’ असा कागद सही करण्यासाठी दिला आहे. सही करावी काय?
— एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, आज सही करू नये. गाणे रचणाऱ्याचा हक्क आणि गाणे गाणाऱ्याची कमाई हे दोन वेगळे प्रवाह आहेत, हे कंट्री संगीताच्या आरंभापासून दिसते. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी काम करणारे राल्फ पीर ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन ब्रिस्टल या गावी आले. या गावाच्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला टेनेसी आहे आणि दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. सीमेवरचे गाव म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कार्टर कुटुंब हे गायकपथक आणि रेल्वेत काम केलेला गायक जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे तेथे झाली. पीर यांनी कंपनीकडे पगारापेक्षा गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क मागितले होते, आणि त्यांची पुढची संपत्ती त्या हक्कांतून आली. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले, तर आजही मोबदला गीतकार-संगीतकाराला मिळतो, गायकाला मिळत नाही.

हक्कांच्या भांडणात भरडला गेलेला एक माणूस मला विसरता येत नाही. डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथऑर्गनवादक नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक होता. १९४१ मध्ये रेडिओ केंद्रे आणि रचनाकारांची अॅस्कॅप ही संस्था यांच्यात दरावरून वाद पेटला. बेलीच्या गाजलेल्या धून त्या संस्थेकडे नोंदलेल्या असल्यामुळे त्या वाजवणे बंद झाले, आणि त्याच वर्षी त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले. वर्णभेदाच्या काळात त्याची बाजू घेणारे फारसे कोणी नव्हते. पुढे त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर चरितार्थ चालवला. मृत्यूनंतर, २००५ मध्ये, त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

आपल्या देशात २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मोठे संरक्षण दिले आहे. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा त्यांना स्वतःलाही विकून टाकता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेकडे देता येतो. अशी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून काम करते, आणि आपल्या मुलीने तिच्या सदस्यत्वाची चौकशी करावी. हक्क सोपवण्याचा करार लेखीच असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणूनच त्या कागदावर ‘कायमचे’ हा शब्द आवर्जून घातलेला आहे.

मी हे कळकळीने लिहितो, कारण गोव्यातील एका हॉटेलाने डिसेंबरचे अकरा दिवस माझ्याकडून वाजवून घेतले आणि हिशेबाच्या वेळी ठरल्याच्या निम्मे पैसे हातावर ठेवले, तेव्हा माझ्याजवळ दाखवायला एक ओळसुद्धा नव्हती. आपण त्या गृहस्थांना असे कळवावे की, चार गाण्यांचे ध्वनिमुद्रण ठरावीक वर्षांसाठी वापरण्याची परवानगी देण्यास आपली तयारी आहे, परंतु शब्द आणि चाल मुलीच्या नावावर राहतील. ‘कायमचे’ खोडून मुदत आकड्यात लिहिलेला नवा मसुदा आला, की तो बेळगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्यावा. तोवर मुलीने चारही गाणी तारखेसह वहीत उतरवून, स्वतःच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत.