अंगावरचे आणि कागदावरचे

प्रश्न : मी निपाणीत राहते आणि समाजशास्त्रात एम.ए. करते. विडी वळणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर प्रबंधिका लिहायची आहे; पण मार्गदर्शक सर म्हणतात, आजार हा डॉक्टरांचा विषय, त्यात स्त्रीवादी दृष्टी कशाला? त्यांना काय सांगावे?
– एक वाचक

उत्तर : सरांना आधी गडचिरोलीचे उदाहरण सांगा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. सरकारी यंत्रणा बाईकडे यायची ती मुख्यतः बाळंतपणासाठी आणि नसबंदीसाठी. एरवीच्या दुखण्याची विचारपूस करायला कोणी नव्हते. कोणते दुखणे मोजायचे हे कोण ठरवतो, हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हे, तुमच्या विषयाचा आहे.

आता तुमच्या गल्लीत या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसल्याने कंबर धरते, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, निकोटीन कातडीतूनही अंगात भिनते. एवढे डॉक्टरही लिहून देतील. परंतु मजुरी हजार विड्यांवर मिळते, छाट (नापास ठरवलेल्या विड्या) निघाली की तीही कमी होते आणि दवाखान्यात गेलेला दिवस फुकट जातो, हे केसपेपरवर येत नाही. म्हणून ‘कंबर कधीपासून दुखते?’ याच्याबरोबरच ‘दुखते तेव्हा हजार कोण पुरे करते?’ हेही विचारा. शाळेतून आलेल्या लेकीचे नाव निघाले, तर तिच्याशीही बोला.

शब्दांकडे विशेष लक्ष द्या, कारण आपल्या भागात ते दोन भाषांतून फिरतात. मराठी बाई ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणते, कन्नड शेजारीण त्यालाच ‘बिळी सेरगू’ म्हणते (सेरगू म्हणजे एरवी साडीचा पदर!), आणि दवाखान्यातल्या कागदावर यांपैकी काहीच न उरता एखादे इंग्रजी आद्याक्षर उरते. छापील प्रश्नावली पहिल्या दिवशी पिशवीतच राहू द्या. सासू समोर बसली असेल, तर दुसऱ्या दिवशीही. वहीत दोन रकाने आखून एकात बाईचे शब्द जसेच्या तसे लिहा, दुसऱ्यात केसपेपरवरची नोंद, आणि ती वही घेऊन सरांकडे जा.