जिभेखालचा पडदा कापायचा का? आणि ओठातल्या फोडाचं काय?

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न वाचले. मुलगा साडेतीन वर्षांचा, पंधरा-वीसच शब्द बोलतो, जिभेखाली पडदा आहे म्हणून 'कापून टाकू' असं सांगितलंय. आणि तुमच्या स्वतःच्या खालच्या ओठात आतून दोन महिने फोड येतोय-जातोय. मी कान-नाक-घसा विभागाच्या थिएटरमध्ये २२ वर्षं सिस्टर होते. डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

आधी मुलाचं. पडदा आखूड असला की उच्चार बिघडू शकतात, पण शब्द अडत नाहीत. जीभ जखडलेलं मूलही बोबडं का होईना, दिवसभर बडबडतं, भांडतं, हट्ट करतं. या वयात शब्दच इतके कमी असतील तर पहिली शंका कानांची घ्यायची, मग एकूण विकासाची. कानांची तपासणी आणि स्पीच थेरपिस्टचं मत झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत दोन्ही होतं. आमच्याकडे असंच एक मूल पडदा कापायला आलं होतं. तपासलं तर दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं. बिचाऱ्याला नीट ऐकूच येत नव्हतं, आणि घरी 'जीभ जड आहे' म्हणून दीड वर्ष वेखंड उगाळून चाटवत होते.

घरी एवढं बघा. जीभ बाहेर काढल्यावर टोक मधोमध खचून पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं का? वरच्या ओठाला लागतं का? तोंड उघडं ठेवून टाळूला टेकतं का? आपल्या ट, ड, ण, ळ यांना टोक वर वळवावं लागतं, त्यामुळे खरी अडचण असली तर तिथे जाणवते. पण 'बाळ'चं 'बाल' या वयाची पुष्कळ मुलं करतात. ळ आणि र उशिराच बसतात, त्यासाठी कात्री नको.

तान्ह्या बाळाचं ऐकून हुरळू नका, ते काम वेगळं. बाळाला अंगावर ओढता येत नाही, आईला चिरा पडल्यात, पाजायची पद्धत सुधारूनही फरक नाही, अशा वेळी पातळ पडदा क्षणात सोडवतात. टाका नाही, बाळ लगेच अंगावर. (रक्त थांबायला मदत करणारं, जन्मानंतरचं के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन झालंय ना, हे आम्ही आधी विचारायचो.) तिथेही २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरसकट कापू नका असंच सांगितलं. तुमच्या मुलाला बहुधा पूर्ण भूल लागेल, म्हणजे आधी उपाशी ठेवणं आलं. पडदा जाड असला तर आडवा छेद घेऊन उभा शिवतात किंवा झेडच्या आकारात फिरवून घेतात, म्हणजे व्रण आवळून जीभ पुन्हा खाली ओढली जात नाही. जिभेखाली लाळेच्या नळ्यांची दोन तोंडं असतात. ती टाक्यात सापडली की जबड्याखाली सूज येते. म्हणून 'पाच मिनिटांचं काम' म्हणणाऱ्याच्या हाती मी माझा नातू दिला नसता. लेसर की कात्री यापेक्षा हात कुणाचा ते बघा.

नंतर जखमेवर पांढरट-पिवळा थर येतो. लोक पू समजून घाबरतात, पण बहुतेकदा ती भरत आलेली जखम असते. डॉक्टरांनी हो म्हटलं की वरच्या ओठाला श्रीखंडाचं बोट लावा आणि चाटू दे. कोपऱ्यांनाही लावा. जीभ सुटली तरी वर जायची सवय तिला नसते, काही आठवडे हा व्यायाम लागतो.

आता तुमचा फोड. निळसर, मऊ, फुटला की चिकट पाणी, पुन्हा भरतो, असं असेल तर बहुधा म्यूकोसील. दात लागून लाळेची बारीक नळी फाटते आणि लाळ आत साठते. सुईने फोडत बसू नका. ओठ बधिर करून फोड आणि त्याच्याखालची इवलीशी लाळग्रंथी दोन्ही काढतात. ग्रंथी राहिली तर फोड परत येतो. हाच प्रकार जिभेखाली बेडकाच्या पोटासारखा फुगला तर तो रॅन्युला, तिथे मोठी ग्रंथी काढावी लागते. जांभळी आणि दाबल्यावर रिकामी होणारी गाठ मात्र रक्तवाहिन्यांची असू शकते. ती तपासणीशिवाय कुणालाही कापू देऊ नका.

आणि काढलेला तुकडा कुठे जातो, ते आधी विचारा. फॉर्मॅलिनच्या (तुकडा सडू न देणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत, नाव लिहून, पॅथॉलॉजीला गेला पाहिजे, गाठ कितीही साधी दिसो. माझ्याच गालातली चावून झालेली गाठ एका दवाखान्यात काढून सरळ कचऱ्यात टाकली होती. दोन वर्षांनी तिथेच पुन्हा आली आणि रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी नीट जेवले नाही. रिपोर्ट साधा निघाला, पण ती धाकधूक फुकटची होती. घरात कुणी मिश्री लावत असेल, तंबाखू खात असेल, तर त्यांच्या तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा तीन आठवडे न भरलेली जखम 'उष्णतेने आलंय' म्हणून सोडू नका.

मुलाच्या कानांचा रिपोर्ट आला की कळवा. तुमचा ओठ त्याच्या तारखेसाठी अडवून ठेवू नका. तासाभरात घरी येता, फक्त त्या संध्याकाळी पोळ्या दुसऱ्या कुणाला तरी लाटू देत.